आधी वजन स्थिरावू द्या

पोटावरची सैल कातडी काढून टाकणारी आणि तिच्या आतले विलग झालेले स्नायू पुन्हा जवळ आणून शिवणारी शस्त्रक्रिया आपल्याकडे ‘टमी टक’ याच नावाने ओळखली जाते. तिची चौकशी करायला जाणाऱ्या बहुतेक बायकांच्या मनात एक सरळ हिशेब असतो, की वजन वाढले आहे, पोट सुटले आहे, म्हणून ही शस्त्रक्रिया करून घ्यायची. सर्जनचा हिशेब मात्र दुसऱ्या टोकापासून सुरू होतो. सध्या वजन किती आहे, वर्षभरापूर्वी किती होते, ते अजून उतरते आहे की एका जागी थांबले आहे, हे त्यांना आधी कळायला हवे असते, आणि या उत्तरांवरच शस्त्रक्रिया होणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरते. ज्या कारणासाठी बाई दवाखान्याची पायरी चढते, तेच कारण पुढे करून तिला परत पाठवले जाते, असे त्या क्षणी वाटते. माझ्या धाकट्या बहिणीला तसेच वाटले होते, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मलाही.

तिला जुळी मुले आहेत. दोन्ही बाळे चांगल्या वजनाची होती आणि सिझर झाले. बाळंतपणानंतर आईने घरच्या रिवाजाप्रमाणे शेक-शेगडी केली, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू केले, आणि टाके भरल्यावर मऊसूत झालेले जुने सुती लुगडे घडी करून तिचे पोट रोज घट्ट बांधले. तरीही पोट पूर्ववत झाले नाही. मधल्या काळात वजन नव्वद किलोच्या पुढे गेले, आणि मुले शाळेत जाऊ लागल्यावर तिने मोठ्या निग्रहाने ते 76 किलोपर्यंत खाली आणले. हात, चेहरा, खांदे उतरले, ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. बेंबीखालची कातडी मात्र उतरली नाही. ती रिकामी होऊन खाली लोंबू लागली आणि वजन जितके कमी होत गेले तितकी ती जास्त दिसू लागली. ज्या बाईने एवढे वजन स्वतःच्या बळावर कमी केले, तिला ‘अजून वजनाचे बघू’ असे ऐकावे लागणे किती बोचते, हे शब्दांत सांगणे अवघड आहे.

म्हणूनच त्या दिवशी सर्जनबाईंनी तिला कसे तपासले ते मी सविस्तर लिहिते आहे. वजन आणि उंची परिचारिकेने आधीच घेतली होती. उंची 157 सेंटिमीटर आणि वजन 76 किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) जवळजवळ 31. तो आकडा कागदावर होता, पण डॉक्टरांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि बहिणीला पलंगावर उताणे झोपायला सांगितले. गुडघे थोडे वाकवून, हात बाजूला ठेवून, तिने नुसते डोके उचलायचे होते. डोके वर येताच पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर, एक लांबट उंचवटा उभा राहिला. डॉक्टरांनी त्या जागी बोटे आडवी ठेवली, तर दोन्ही बाजूंच्या उभ्या स्नायूंच्या कडांमध्ये तीन बोटे सहज मावली. गरोदरपणात वाढत्या गर्भाशयाला जागा करून देण्यासाठी हे दोन स्नायू बाजूला सरकतात आणि त्यांना जोडणारी मधली पट्टी ताणली जाऊन रुंद होते. बहुतेकींच्या बाबतीत ही फट बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरीच मिटते, काहींच्या बाबतीत राहून जाते, आणि जुळ्यांच्या आईच्या बाबतीत ती राहण्याची शक्यता अधिक असते. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर राहिले तर त्याला विलगता म्हणतात. योग्य व्यायामाने स्नायू बळकट होतात, पाठीला आधार मिळतो, पण फार ताणली गेलेली पट्टी व्यायामाने पूर्वीसारखी अरुंद होतेच असे नाही. आईने बांधलेल्या लुगड्याने तेव्हा आधार मिळाला होता, चालताना बरे वाटले होते. पट्टी पुन्हा विणणे हे त्याचे काम नव्हतेच. ‘नीट बांधले नाही म्हणून पोट राहिले’ ही खंत आईने इतकी वर्षे उगाचच मनात ठेवली होती.

मग डॉक्टरांनी तिला पूर्ण सैल पडून राहायला सांगितले आणि पोटाची पातळी बाजूने पाहिली. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. माणूस उताणा झोपला की कातडीखालची चरबी आणि सैल कातडी दोन्ही बाजूंना पसरते आणि पोट बरगड्यांच्या पातळीच्या खाली जाते. पोट झोपल्यावरही बरगड्यांच्या वर घुमटासारखे उभे राहिले, तर बराचसा मेद आत, आतड्यांच्या भोवती आणि त्यांच्या पडद्यांमध्ये साठलेला आहे असे समजावे. बहिणीचे पोट खाली गेले. डॉक्टरांनी बेंबीखालची कातडी चिमटीत धरून किती जाड आहे ते पाहिले, सिझरचा जुना व्रण पाहिला, खोकायला लावून बेंबीजवळ हर्निया आहे का ते पाहिले, आणि शेवटी तिला उभे करून कमरेत पुढे वाकायला सांगितले. वाकल्यावर कातडी पिशवीसारखी खाली आली. एवढे पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुमचे पोट या शस्त्रक्रियेसाठी योग्य आहे. तुमचे वजन अजून नाही.”

हे वाक्य त्यांनी तिथेच सोडले असते, तर बहीण खाली मान घालून बाहेर पडली असती. त्यांनी ते सोडले नाही, पुढचा बराच वेळ खर्च करून कारणे सांगितली, आणि ती कारणे इतर बायकांपर्यंत पोहोचावीत म्हणून हा लेख.

पहिले कारण चरबीच्या जागेचे आहे. पोटातली चरबी दोन ठिकाणी असते. एक कातडीच्या लगेच खाली, हाताच्या चिमटीत येणारी, आणि दुसरी पोटाच्या पोकळीत, स्नायूंच्या भिंतीच्या आत. टमी टकमध्ये सर्जन स्नायूंच्या भिंतीच्या बाहेरच काम करतात. आतल्या चरबीपर्यंत ना त्यांची सुरी जाते, ना चरबी शोषून काढणारी लायपोसक्शनची नळी. ज्या व्यक्तीची पोकळी आतून मेदाने भरलेली आहे, तिची कातडी काढली तरी पोट पुढे आलेलेच राहते, आणि स्नायू जबरदस्तीने जवळ आणून शिवायला गेले तर ठासून भरलेल्या बॅगेची चेन ओढण्यासारखा प्रकार होतो. टाक्यांवर ताण येतो, पोकळीतला दाब वाढतो, श्वासपटल वर ढकलले जाते आणि शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घेणे कठीण होते. आतली चरबी कमी करण्याचा मार्ग आहार, व्यायाम, औषधे किंवा स्थूलपणाची वेगळी शस्त्रक्रिया यांतूनच जातो. वजन उतरू लागले की आतली चरबी तुलनेने लवकर कमी होते. म्हणजे वजन कमी करण्याचा सल्ला नुसता काट्यावरच्या आकड्यासाठी नसतो, पोटाच्या भिंतीला आतून सैल करण्यासाठी असतो.

इथे भारतीय शरीराचा एक मोठा प्रश्न आहे, आणि त्याचा एक धागा थेट पुण्याशी जोडलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण 9.1 टक्के होते आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. एकाच आकड्याखाली दुपटीहून अधिक चरबी दडू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट गोल, ही ठेवण घरोघरी दिसते. याच ठेवणीमुळे 2009 साली भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा सुचवल्या. बॉडी मास इंडेक्स 23 च्या वर गेला की जादा वजन, 25 किंवा त्याहून अधिक असेल तर स्थूलता, आणि कमरेचा घेर बाईचा 80 सेंटिमीटरपर्यंत व पुरुषाचा 90 सेंटिमीटरपर्यंत असावा.

प्लास्टिक सर्जरीत मात्र बॉडी मास इंडेक्स 30 च्या आत असावा, हा अनेक सर्जन पाळतात तो संकेत पाश्चात्त्य मोजमापातून आला आहे, आणि 35 च्या पुढे बहुतेक जण केवळ सौंदर्यासाठी ही शस्त्रक्रिया करायला नकार देतात. या संकेताचा अर्थ समजून न घेता त्याची नुसती चाळणी केली, तर काय होते पाहा. आमच्या नात्यातल्या एका काकूंचा बॉडी मास इंडेक्स 26 आहे. त्यांना मधुमेह आहे, हातपाय बारीक आहेत आणि पोट टणक, गोल आहे. बोटांच्या चिमटीत त्यांची कातडी जेमतेम येते. आकड्याच्या दारातून त्या सहज आत येतील, पण त्यांचा सगळा मेद आत आहे आणि टमी टकमधून त्यांच्या वाट्याला लांबलचक व्रणाखेरीज फारसे काही येणार नाही. माझ्या बहिणीचा आकडा 31, म्हणजे ती दाराबाहेर, आणि तिच्या पोटावर जे आहे ते जवळजवळ सगळेच काढता येण्याजोगे. आकडा टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. शस्त्रक्रियेचे धोके त्या आकड्याबरोबर वाढतात आणि तो वस्तुस्थिती सांगतो. पण निकाल आकड्याने लावू नये, डॉक्टरांच्या हाताने आणि डोळ्यांनी लावावा, असे माझे ठाम मत झाले आहे. तपासणीच्या पलंगावर न झोपवता, कपड्यांवरूनच पाहून आणि संगणकावरचा आकडा वाचून जिथे होकार किंवा नकार दिला जातो, तिथे दोन्ही उत्तरांवर विश्वास ठेवू नये.

या इंडेक्सचा जन्मही वैयक्तिक निदानासाठी झालेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या गणितज्ञाने लोकसमूहातला ‘सरासरी माणूस’ शोधताना वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र मांडले, आणि 1972 साली अमेरिकी संशोधक अन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. गटाची मोजणी करायला ते उत्तम आहे. लोंबणारी कातडी, स्नायू, हाडे आणि आतली चरबी यांत त्याला फरक करता येत नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

दुसरे कारण धोक्याचे आहे, आणि ते सांगताना डॉक्टरांचा आवाज गंभीर झाला होता. टमी टक दिसायला कातडीची शस्त्रक्रिया असली, तरी ती मोठी शस्त्रक्रिया आहे. पूर्ण भूल द्यावी लागते. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, सिझरच्या व्रणाच्या आसपास किंवा त्याखाली, आडवा छेद घेतला जातो, बेंबीभोवती वेगळा छेद घेऊन ती जागेवर ठेवली जाते, आणि कातडी व चरबीचा सगळा थर स्नायूंपासून सुटा करत वर बरगड्यांकडे नेला जातो. मग स्नायूंची फट शिवतात, वरचा थर खाली ओढतात, उरलेली कातडी कापून टाकतात आणि बेंबीसाठी नवे छिद्र करून ती त्यातून बाहेर आणून शिवतात. थर सुटा करताना त्याला खालून रक्त पुरवणाऱ्या कितीतरी बारीक वाहिन्या कापल्या जातात, आणि त्यानंतर त्या थराला मुख्यतः दोन्ही बाजूंनी येणाऱ्या रक्तावर जगावे लागते. मधोमध, व्रणाच्या अगदी काठावर, रक्त सर्वांत शेवटी पोहोचते. थर जितका जाड तितके त्याला जगवणे कठीण, कारण चरबीला स्वतःचा रक्तपुरवठा फार थोडा असतो. म्हणून वजन जास्त असलेल्यांमध्ये जखम उसवणे, तिथली कातडी काळी पडून मरणे, जंतुसंसर्ग होणे आणि कातडीखाली पाणी साठणे या गोष्टी अधिक प्रमाणात घडतात. त्यात मधुमेह असेल तर भर पडते.

आणि रक्ताची गुठळी. पायाच्या खोल शिरांमध्ये गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये टमी टकच्या वेळी विशेष असतो. शस्त्रक्रियेला काही तास लागतात, त्या वेळात पाय हलत नाहीत. फट शिवल्यामुळे पोटातला दाब वाढतो आणि पायांकडून वर येणारे रक्त संथ होते. नंतर काही दिवस टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून कमरेत वाकून चालावे लागते आणि बाई हालचाल टाळते. वाढलेले वजन या प्रत्येक गोष्टीत आपली भर घालते. यासाठीच पायांना दाब देणारे मोजे किंवा यंत्र लावतात, गरज असेल त्यांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धरून का होईना चालायला लावतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, घरात कोणाला गुठळीचा त्रास झाला होता का, हे प्रश्नही याचसाठी विचारले जातात. जीव वाचवण्यासाठीची शस्त्रक्रिया असेल तर सर्जन जास्त धोका पत्करतात. चालत-बोलत, धडधाकट आलेल्या बाईला तसा धोका पत्करायला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्या डॉक्टर म्हणाल्या, आणि मला ते पटले.

याच ओघात त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटला. सिगारेट ओढता का, असे विचारले की आपल्याकडच्या बहुतेक बायका नाही म्हणतात, आणि ते खरेही असते. त्यांनी पुढे विचारले, “मिश्री लावता का? तंबाखू?” निकोटिन धुरातून येवो किंवा हिरड्यांतून, ते रक्तवाहिन्या आकसवते, आणि वर सांगितलेल्या त्या काठावरच्या कातडीला नेमके तेच परवडत नाही. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी आणि नंतरही काही आठवडे ते पूर्ण बंद असावे लागते. गावाकडे सकाळी मिश्री लावण्याला कोणी व्यसन मानत नाही, म्हणून विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही. महाराष्ट्रात काम करणाऱ्या प्रत्येक सर्जनने हा प्रश्न याच शब्दांत विचारावा.

तिसरे कारण स्थिरतेचे. बहिणीच्या बाबतीत हेच खरे अडत होते. तिचे वजन अजून उतरत होते. उतरत्या वजनावर शस्त्रक्रिया केली, तर ताणून बसवलेली कातडी पुढच्या काही किलोंबरोबर पुन्हा सैल पडते, आणि वजन पुन्हा वाढले तर शिवलेली फट आणि कातडी दोन्ही ताणल्या जातात. म्हणून वजन निदान सहा महिने जवळजवळ एका जागी राहिलेले असावे, अशी अपेक्षा असते. स्थूलपणाची शस्त्रक्रिया झालेल्यांना तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, कारण तोवर वजन उतरतच असते आणि शरीरात प्रथिने, लोह, बी-12 यांची कमतरता असण्याची दाट शक्यता असते. भरभर वजन कमी करून आलेले शरीर बाहेरून सडपातळ दिसले तरी आतून उपाशी असू शकते, आणि उपाशी शरीराची जखम लवकर भरत नाही. बहिणीचे हिमोग्लोबिन दहाच्याही खाली निघाले. वजन उतरवण्याच्या जिद्दीत तिने भाकरी कमी केली होती आणि डाळ, उसळ, अंडी यांकडेही दुर्लक्ष केले होते. ‘वजन कमी करा’ एवढेच सांगून डॉक्टरांनी पाठवले असते, तर तिने अजून उपास केले असते आणि शस्त्रक्रियेसाठी अधिकच अपात्र होऊन परतली असती. त्याऐवजी तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या, रोजच्या जेवणात प्रथिने किती हवीत ते लिहून मिळाले, आणि पाच-सहा किलो सावकाश उतरवून मग तिथेच थांबायचे असे ठरले.

हाच मुद्दा आता नव्या इंजेक्शनांमुळे अधिक तातडीचा झाला आहे. भूक मंदावणारी तिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शने 2025 साली भारतातल्या बाजारात आली, आणि थोड्या काळात बरेच वजन उतरवणारी माणसे आता सैल कातडीची तक्रार घेऊन प्लास्टिक सर्जनकडे येऊ लागली आहेत. इंजेक्शन बंद केले की अनेकांचे वजन परत चढते, त्यामुळे ‘माझे वजन स्थिर आहे’ या वाक्याला ‘इंजेक्शन चालू असताना की बंद केल्यावर’ हा प्रश्न जोडावाच लागतो. शिवाय ही औषधे जठर रिकामे व्हायला वेळ लावतात. भुलीच्या वेळी पोटात अन्न राहिले तर ते उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून भूलतज्ज्ञांपासून हे इंजेक्शन लपवू नये. घरच्यांपासून चोरून घेतले असेल तरी त्यांना सांगावे.

पुढच्या बाळंतपणाचा विचार असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, हे तर उघडच आहे. नव्या गर्भाबरोबर शिवण पुन्हा ताणली जाणार. आणि ज्यांची मुले अजून कडेवर आहेत त्यांनी हेही लक्षात घ्यावे की नंतरचे सुमारे सहा आठवडे जड उचलायचे नसते. मूल नाही, पाण्याने भरलेली बादली नाही, गॅसचे सिलिंडर नाही. हे काम कोण करणार, याचे उत्तर घरात आधी मिळालेले असावे. मला विचाराल तर हीदेखील पात्रतेचीच एक अट आहे, जरी ती कोणत्याही अर्जावर लिहिलेली नसते.

या सगळ्यात एक विसंगती आहे आणि ती मला अजूनही अस्वस्थ करते. खूप मोठे वजन कमी केलेल्या माणसाच्या अंगावर लोंबणाऱ्या कातडीचेच काही किलो असतात. ते व्यायामाने जात नाहीत, उपासाने जात नाहीत, आणि बॉडी मास इंडेक्समध्ये मात्र मोजले जातात. म्हणजे जे काढायला आलो तेच दाराशी अडवते. याचे उत्तर म्हणून एक वेगळी, मर्यादित शस्त्रक्रिया असते. तिच्यात फक्त खाली लोंबणारा कातडी-चरबीचा पडदा काढतात, स्नायू शिवत नाहीत, पोट सुडौल करण्याचा दावा करत नाहीत. त्या पडद्याच्या घडीत घाम साठून कातडी सोलवटते, पावसाळ्यात बुरशी होते, वास येतो, चालताना मांड्यांवर घासते, अशा लोकांचे जगणे त्याने सुसह्य होते. पोटाच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही अशाच रुग्णांपासून सुरू होतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले हॉवर्ड केली यांनी 1899 साली एका अतिस्थूल बाईच्या पोटावरचा सुमारे साडेसात किलोचा पडदा काढला होता. बारीक दिसण्यासाठीची, खाली अंतर्वस्त्रात झाकला जाईल असा आडवा छेद घेणारी पद्धत ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांच्यासारख्या सर्जनांनी 1960 च्या दशकात रूढ केली. आज वजन जास्त असलेल्यांना ‘तुम्ही पात्र नाही’ एवढेच सांगून घालवून देणाऱ्यांनी हे आठवावे, की ही शस्त्रक्रिया मुळात त्यांच्यासाठीच जन्माला आली होती. धोका अधिक असतो, त्याची कल्पना स्पष्ट द्यावी, तो कमी करण्याची तयारी करून घ्यावी, पण घडीतल्या जखमांनी हैराण झालेल्या माणसाला नटण्यामुरडण्याच्या रांगेत उभे करू नये.

पैशांच्या बाबतीत ती रांग एकच आहे, हे दुर्दैव. आरोग्य विम्यातून सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र मान्य होते, आणि जीएसटीही सौंदर्यशस्त्रक्रियेवर लागतो, जो एरवीच्या उपचारांवर नसतो. तीन बोटांची फट, त्यामुळे धरलेली पाठ आणि न पेलणारी घरकामे यांना विमा कंपनीच्या लेखी नाव नाही. बाळंतपणाने झालेली इजा ही इजाच मानली पाहिजे, असे मला मनापासून वाटते, आणि हे धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत बायकांनी आपले म्हणणे पोहोचवायला हवे.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो ‘कशाला हवी आहे ही चिरफाड, दोन मुलांची आई आहेस’ असा. हा प्रश्न आपल्या समाजात प्रत्येक बाईला विचारला जातो, आणि विचारणारे लोक तेच असतात जे लग्नाकार्यात भेटल्यावर ‘सुटलीस गं’ म्हणतात. बाईने पोट कमी करावे अशी अपेक्षा असते, त्यासाठी वेळ आणि पैसा खर्च करू नये अशीही असते. बहिणीने आईला नेहमीच्या शांतपणे सांगितले, “अगं आई, मला बारीक व्हायचे नाही. झाले मी जेवढे व्हायचे तेवढे. ओझे उचलताना पोट फुटून बाहेर येईल असे वाटते, ते थांबवायचे आहे.” आई गप्प झाली, आणि मग पोटाच्या त्या फटीला हात लावून पाहू का, असे तिने विचारले. बहिणीने डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे डोके उचलले. आईची बोटे आत गेली. तिला इतक्या वर्षांत कोणी ते दाखवले नव्हते, आणि तिच्या स्वतःच्या पोटातही तशीच फट आहे हे तिला त्या संध्याकाळी कळले.

बहिणीचे वजन आता एकाहत्तरच्या आसपास येऊन थांबले आहे, म्हणजे इंडेक्स 29 च्या खाली. हिमोग्लोबिन बाराच्या वर गेले आहे. डॉक्टरांनी पुन्हा तपासून शस्त्रक्रियेला होकार दिला आहे आणि मुलांच्या परीक्षा संपल्यानंतरची तारीख ठरवायचे चालले आहे. आईने मात्र शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितले. ती आता फिजिओथेरपिस्टकडे जाते, श्वासाबरोबर पोट आत घेण्याचा व्यायाम शिकून आली आहे, आणि तिची पाठ पूर्वीपेक्षा कमी दुखते.